सरासरीभोवती आकडे किती पसरलेत? प्रमाण विचलन काढण्याची आणि वापरण्याची रीत

कामाच्या ठिकाणी जायला दोन रस्ते आहेत असं समजा. दोन्ही रस्त्यांनी आठ-आठ दिवस जाऊन किती मिनिटं लागली ते लिहून ठेवलं.

पहिला रस्ता: ३८, ४१, ४०, ३९, ४२, ४०, ४१, ३९
दुसरा रस्ता: ३१, ३६, ५२, ३४, ४५, ३३, ५०, ३९

दोन्हीकडे बेरीज ३२० आणि सरासरी ४० मिनिटं. नुसती सरासरी ऐकणाऱ्याला दोन्ही रस्ते सारखेच वाटतील. पण दहा वाजता पोहोचायचंच असेल तर पहिल्या रस्त्यानं सव्वानऊला निघून चालतं. दुसऱ्या रस्त्यानं सव्वानऊला निघालात तर आठपैकी दोन दिवस उशीर होईल. हा फरक सरासरीत कुठेच दिसत नाही, कारण तो आकडे सरासरीपासून किती लांब जातात यात आहे. हे अंतर एका संख्येत मांडायचं सर्वांत रुळलेलं माप म्हणजे प्रमाण विचलन, अर्थात स्टँडर्ड डेव्हिएशन. हे नाव कार्ल पिअर्सन यांनी १८९४ मध्ये छापील लेखनात वापरलं, आणि सिग्मा हे चिन्हही त्यांचंच.

प्रमाण विचलन काढणं सोपं आहे, संगणक ते क्षणात देतो. मात्र ते हाती आल्यावर त्यातून किती अंदाज बांधायचा, हे आकड्यांचा आकार कसा आहे आणि नोंदी किती आहेत यावर ठरतं. म्हणून या लेखात हिशोबाला थोडी जागा दिली आहे आणि त्या दोन गोष्टींना जास्त.

आधी आकडे नजरेखालून घाला

सूत्राला हात लावण्याआधी आकडे मांडून पाहा. नोंदी पन्नासच्या आत असतील तर कागदावर एक आडवी रेघ ओढून प्रत्येक नोंदीसाठी एक ठिपका द्या. जास्त असतील तर संगणकावर आयतालेख, म्हणजे हिस्टोग्राम, काढा. यात तीन गोष्टी बघायच्या: ठिपके एका ठिकाणी गोळा झालेत की दोन ठिकाणी, एका बाजूला लांब शेपूट आहे का, आणि एखादा ठिपका सगळ्यांपासून तुटून पडलाय का. एककही तपासून घ्या. निम्म्या नोंदी मिनिटांत आणि निम्म्या सेकंदांत असतील तर पुढचं सगळं वाया जातं, आणि असं वाटतं त्यापेक्षा पुष्कळदा होतं.

त्यानंतर त्याच नोंदी ज्या क्रमानं आल्या त्या क्रमानं, म्हणजे दिवसांप्रमाणे, आलेखावर टाका. याचं कारण पुढे येईलच.

एकदा हातानं काढा

हे एकदा तरी हातानं करावं असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक पायरी का आहे हे कळलं की पुढे कुठे फसायला होतं तेही कळतं. दुसऱ्या रस्त्याचे आकडे घेऊ.

पहिली पायरी सरासरीची: ३२० ÷ ८ = ४०.

दुसरी पायरी, प्रत्येक नोंदीतून सरासरी वजा करायची. उत्तरं येतात −९, −४, १२, −६, ५, −७, १०, −१. यांना विचलनं म्हणतात. यांची बेरीज करून पाहा, शून्य येईल. ती नेहमीच शून्य येते, कारण सरासरी म्हणजे नेमका तो बिंदू जिथे वरची आणि खालची अंतरं एकमेकांना फेडतात. बेरीज शून्य आली नाही तर तुमची सरासरी चुकली आहे किंवा वजाबाकी, हे इथेच ओळखा आणि मागे फिरा.

बेरीज शून्य येते म्हणूनच विचलनांची साधी सरासरी पसरण सांगू शकत नाही. मग तिसरी पायरी, प्रत्येक विचलनाचा वर्ग करायचा: ८१, १६, १४४, ३६, २५, ४९, १००, १. वजा चिन्हं गेली. त्याचबरोबर लांबच्या नोंदींचं वजन वाढलं: १२ मिनिटांच्या एका विचलनानं एकट्यानं १४४ दिले आणि १ मिनिटाच्या विचलनानं फक्त १. या मापाचा हा स्वभाव लक्षात ठेवा.

चौथी पायरी, वर्गांची बेरीज: ४५२.

पाचवी पायरी, तिला भागायचं. किती नोंदी आहेत? आठ. पण भागायचं साताने: ४५२ ÷ ७ = ६४.५७. याला प्रचरण किंवा व्हेरियन्स म्हणतात. व्हेरियन्स हा शब्द रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये रूढ केला. त्याचं एकक ‘वर्ग मिनिटं’ असं विचित्र असतं, त्यामुळे ते थेट कुणाला सांगता येत नाही.

म्हणून सहावी पायरी, वर्गमूळ: √६४.५७ = ८.०४ मिनिटं. हे दुसऱ्या रस्त्याचं प्रमाण विचलन. पहिल्या रस्त्याची विचलनं −२, १, ०, −१, २, ०, १, −१ आहेत, वर्गांची बेरीज १२, भागिले ७ म्हणजे १.७१, आणि वर्गमूळ १.३१ मिनिटं. सरासरी तीच, पसरण सहापट.

काही जण विचारतात की वर्ग करून परत वर्गमूळ काढण्यापेक्षा वजा चिन्ह सोडून देऊन सरळ सरासरी काढली तर? काढता येते. दुसऱ्या रस्त्याला ती ५४ ÷ ८ = ६.७५ मिनिटं येते आणि ती समजायलाही सोपी आहे. पण वर्गांचा एक मोठा फायदा आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्यांची प्रचरणं सरळ बेरजेनं मिळतात. चिन्ह सोडून काढलेल्या सरासरीला असा साधा नियम नाही. अख्खं संख्याशास्त्र वर्गांवर उभं राहिलं त्याचं एक मोठं कारण हे.

साताने का, आठाने का नाही

आपल्याला त्या रस्त्याची खरी सरासरी ठाऊक नाही. आपण ती याच आठ नोंदींवरून काढली, आणि ती साहजिकच या आठ नोंदींना सर्वांत सोयीची आहे. वर्गांची बेरीज या सरासरीपासून मोजली तर सर्वांत कमी येते, दुसऱ्या कुठल्याही बिंदूपासून मोजली तर जास्तच. करून पाहा: खरी सरासरी ४० नसून ४२ असती तर त्याच आठ नोंदींच्या वर्गांची बेरीज ४८४ झाली असती. म्हणजे स्वतःच्या सरासरीपासून मोजताना आपण पसरण थोडी कमी धरतो. संख्येतून १ वजा करून भागलं की प्रचरणाची ही तूट सरासरीनं बरोबर भरून निघते.

दुसऱ्या बाजूनंही हेच दिसतं. विचलनांची बेरीज शून्य असते, त्यामुळे सात विचलनं सांगितली की आठवं आपोआप ठरतं. मोकळी माहिती सातच आहे. आणि नोंद एकच असेल तर शून्यानं भागायची वेळ येते, म्हणजे उत्तरच नाही. तेही योग्यच आहे, कारण एका नोंदीवरून पसरण कळायचा मार्ग नाही.

तुमच्याकडे नमुना नसून सगळ्याच्या सगळ्या नोंदी असतील आणि त्यांच्या पलीकडे काही सांगायचंच नसेल, उदाहरणार्थ एका वर्गातल्या सर्व मुलांचे एका परीक्षेतले गुण, तर पूर्ण संख्येनं भागा. पण त्याच गुणांवरून पुढच्या वर्षीच्या मुलांबद्दल अंदाज करायचा असेल तर तो नमुना झाला आणि १ वजा करायला हवा. शंका असेल तेव्हा १ वजा करून भागा. व्यवहारात आपण जवळजवळ नेहमी हातातल्या आकड्यांपलीकडचं काहीतरी सांगत असतो.

संगणकाला विचारताना

इथे एक सापळा आहे. कोणतं साधन कशानं भागतं हे ठरलेलं नाही. एक्सेलमध्ये शेवटी ‘एस’ असलेलं फंक्शन संख्या वजा १ नं भागतं आणि ‘पी’ असलेलं पूर्ण संख्येनं. पायथनच्या नमपाय लायब्ररीत काही न सांगता विचारलं तर पूर्ण संख्येनं भागलं जातं, पायथनच्याच पांडाज लायब्ररीत मात्र संख्या वजा १ नं. आर या भाषेतही संख्या वजा १. एकाच फाईलवरून दोघांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा पहिला संशय इथे घ्यावा.

कॅल्क्युलेटर असो की नवं सॉफ्टवेअर, तपासायची सोपी युक्ती आहे. १, २, ३ हे तीन आकडे द्या. उत्तर १ आलं तर ते संख्या वजा १ नं भागतंय, ०.८१६ आलं तर पूर्ण संख्येनं.

स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. पुस्तकांत एक झटपट सूत्र असतं: सगळ्या नोंदींच्या वर्गांच्या बेरजेतून, बेरजेच्या वर्गाला संख्येनं भागून आलेलं उत्तर वजा करा. आपल्या उदाहरणात १३२५२ − १२८०० = ४५२, अगदी बरोबर. पण आकडे अब्जांच्या घरात आणि त्यांच्यातला फरक दोन-चारचा असेल, तर हे सूत्र दोन प्रचंड, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी करतं. संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्येत पंधरा-सोळाच अंक नेमके राहतात, त्यामुळे खरा फरक त्यातच हरवतो. कधीकधी प्रचरण चक्क ऋण येतं. उपाय साधा आहे: सगळ्या आकड्यांतून आधी एक सोयीची संख्या वजा करून घ्या. सर्व नोंदींत सारखीच संख्या मिळवली किंवा वजा केली तर प्रमाण विचलन बदलत नाही. सर्वांना एकाच संख्येनं गुणलं तर तेही तितक्या पटीनं बदलतं. मिनिटांचे सेकंद केले की ८.०४ चे ४८२ होतात.

आता अंदाज: किती टक्के नोंदी किती अंतरात

बहुतेकांनी ६८, ९५ आणि ९९.७ हे आकडे ऐकलेले असतात. आकडे घंटेच्या आकारात, म्हणजे प्रसामान्य वितरणात, पसरलेले असतील तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना एका प्रमाण विचलनाच्या आत ६८.२७ टक्के, दोनच्या आत ९५.४५ टक्के आणि तीनच्या आत ९९.७३ टक्के नोंदी सापडतात. हे गणितानं सिद्ध आहे, पण ‘घंटेच्या आकारात असतील तर’ ही अट काढून टाकून हा नियम सर्रास वापरला जातो. तिथे चूक होते.

आकाराबद्दल काहीच ठाऊक नसेल तेव्हा चेबिशेव्ह यांचा नियम आहे, आणि तो कुठल्याही आकाराला लागू पडतो. दोन प्रमाण विचलनांच्या आत निदान ७५ टक्के, तीनच्या आत निदान ८८.९ टक्के. एकच्या आत किती, याबद्दल तो काहीही हमी देत नाही. या दोन टोकांच्या मधला एक नियम फार कमी लोकांना माहीत आहे, आणि मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. वितरणाला एकच शिखर असेल, मग ते एका बाजूला कललेलं का असेना, तर दोन प्रमाण विचलनांच्या आत निदान ८८.९ टक्के आणि तीनच्या आत निदान ९५ टक्के नोंदी असतात. हा विसोचान्स्की आणि पेटुनिन यांचा नियम. आयतालेखात एकच उंचवटा दिसत असेल, पण घंटा म्हणायला मन धजत नसेल, तर ‘तीन प्रमाण विचलनांत ९५ टक्के’ असं धरून चाला.

उशीर होईल का, असा प्रश्न असेल तर एकच बाजू महत्त्वाची असते. दुसऱ्या रस्त्याला ५६ मिनिटं राखून ठेवली, म्हणजे सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनं, तर घंटेचा आकार धरून उशिराची शक्यता सुमारे २.३ टक्के. आकार अजिबात माहीत नसेल तर कँटेली यांचा एका बाजूचा नियम एवढंच म्हणतो की ती २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. २.३ आणि २० यांत केवढं अंतर आहे बघा. प्रमाण विचलन दोन्हीकडे तेच आहे, फरक फक्त आकाराबद्दल आपण काय गृहीत धरलं याचा.

नोंदी थोड्या असतील तर दोन पट पुरत नाही

वरच्या सगळ्या नियमांत खरी सरासरी आणि खरं प्रमाण विचलन माहीत आहे असं धरलेलं असतं. आपल्याकडे आठ नोंदींवरून काढलेले अंदाज आहेत, आणि अंदाजही हलतात. विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं हाच प्रश्न सोडवला. त्यातून मिळणारे गुणक जवळ ठेवण्यासारखे आहेत. पुढची एक नोंद ९५ टक्के खात्रीनं कुठल्या पट्ट्यात येईल हे सांगायचं तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या इतक्या पटी जावं लागतं:

३ नोंदी: ५.० पट
५ नोंदी: ३.० पट
८ नोंदी: २.५ पट
१५ नोंदी: २.२ पट
३० नोंदी: २.१ पट

घंटेच्या आकाराची अट इथेही आहेच. दुसऱ्या रस्त्याला ‘अधिक-उणे दोन’ धरलं तर पट्टा २४ ते ५६ मिनिटं येतो, पण आठच नोंदी आहेत हे मान्य केलं तर तो २० ते ६० होतो. निघायची वेळ ठरवणाऱ्याला ही चार मिनिटं कामाची आहेत. तीन नोंदींवरून काढलेल्या प्रमाण विचलनावर कुणी मोठे निष्कर्ष काढत असेल तर त्याला या यादीतली पहिली ओळ दाखवा.

खुद्द प्रमाण विचलन किती डळमळीत आहे, हेही काढता येतं. आठ नोंदींवरून आलेल्या ८.०४ साठी ९५ टक्के विश्वासाचा पट्टा ५.३ ते १६.४ मिनिटं असा निघतो. पसरणीचा अंदाज सरासरीच्या अंदाजापेक्षा खूप उशिरा स्थिरावतो. प्रमाण विचलनातली चूक साधारण १० टक्क्यांवर आणायची असेल तर पन्नासेक नोंदी लागतात.

एक चुकीची नोंद काय करते

समजा पहिल्या रस्त्याची शेवटची नोंद ३९ होती आणि टाइप करताना ती ९३ झाली. सरासरी ४० वरून ४६.७५ वर जाते. प्रमाण विचलन १.३१ वरून १८.७ वर, म्हणजे चौदापट. वर्ग केल्यामुळे लांबच्या नोंदींचं वजन वाढतं असं वर म्हटलं होतं, ते असं अंगावर येतं.

आता पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा नियम लावू: सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपेक्षा लांब असलेली नोंद संशयित मानायची. ९३ ही नोंद सरासरीपासून ४६.२५ मिनिटं लांब आहे, भागिले १८.७ म्हणजे २.४७. तीनच्या आत! इतकी उघड चूक या चाळणीतून आरामात निसटली. हा योगायोग नव्हे. आठ नोंदी असतील तर एखादी नोंद सरासरीपासून जास्तीत जास्त ७ ÷ √८ म्हणजे २.४७५ प्रमाण विचलनंच लांब जाऊ शकते, मग तिथे ९३ लिहा नाहीतर ९३ लाख. चुकीची नोंद सरासरीला स्वतःकडे ओढते आणि प्रमाण विचलनही फुगवते, म्हणजे ज्या मापानं तिला पकडायचं तेच माप ती ताणते. दहा नोंदींना ही मर्यादा २.८५ आहे. तीनचा नियम दहा किंवा त्याहून कमी नोंदींत कुणालाही कधीच पकडू शकत नाही, हे माहीत नसल्यामुळे ‘आम्ही तपासलं, सगळं ठीक होतं’ असं लोक मनापासून सांगतात.

त्याऐवजी मध्यक, म्हणजे नोंदी क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरा. चुकीच्या नोंदीसह पहिला रस्ता चढत्या क्रमानं लावला: ३८, ३९, ४०, ४०, ४१, ४१, ४२, ९३. मधल्या दोन नोंदी ४० आणि ४१, म्हणून मध्यक ४०.५. प्रत्येक नोंद मध्यकापासून किती लांब आहे ते चिन्ह सोडून लिहा आणि त्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढा. तो येतो १. त्याला १.४८२६ नं गुणा, म्हणजे घंटेच्या आकाराच्या आकड्यांत ते प्रमाण विचलनाच्या तोलाचं होतं: १.४८. खरं उत्तर १.३१ होतं, म्हणजे चुकीची नोंद आत असूनही हे माप जागेवर राहिलं. या मापानं ९३ ही नोंद मध्यकापासून ३५ पट लांब दिसते आणि लगेच डोळ्यांत भरते.

पकडली म्हणून ती लगेच पुसू नका. मूळ वही किंवा यंत्राची नोंद तपासा. टायपिंगची चूक असेल तर दुरुस्त करा. पण खरोखरच एक दिवस ९३ मिनिटं लागली असतील तर ती या सगळ्या नोंदींतली सर्वांत मोलाची नोंद आहे, आणि ती काढून टाकणं म्हणजे रस्त्याबद्दल खोटं बोलणं.

एकच आकडा जिथे फसवतो

दुसऱ्या रस्त्याच्या नोंदी चढत्या क्रमानं लावा: ३१, ३३, ३४, ३६, ३९, ४५, ५०, ५२. आता समजा त्या खरोखर याच क्रमानं आल्या असत्या, दिवसागणिक वाढत. प्रमाण विचलन तेच, ८.०४, कारण त्याला क्रमाशी काही देणंघेणं नाही. पण मग उद्यासाठी ‘४०, थोडं इकडेतिकडे’ हा अंदाज साफ चुकीचा ठरला असता. उद्या ५५ च्या आसपास लागण्याची शक्यता जास्त. दिवसांप्रमाणे आलेख काढायला सुरुवातीलाच सांगितलं ते यासाठी. आकड्यांत चढ किंवा उतार असेल तर आधी तो बाजूला काढा आणि त्याच्याभोवती उरलेली पसरण मोजा.

त्याच ओळीत आणखी एक गोष्ट आहे. ३९ आणि ४५ यांच्यामध्ये एकही नोंद नाही. सरासरी ४०, पण बरोबर ४० मिनिटं एकदाही लागली नाहीत. हे दोन वेगळे गट असू शकतात: पाच दिवस सरासरी ३४.६ आणि प्रमाण विचलन ३.० चे, तीन दिवस सरासरी ४९ आणि प्रमाण विचलन ३.६ चे. त्या तीन दिवसांत काही समान निघालं, पाऊस म्हणा किंवा रस्त्याचं काम म्हणा, तर ‘४० आणि ८’ हे वर्णन सोडून द्या आणि दोन गट वेगळे सांगा. तेव्हा अंदाज कितीतरी धारदार होतो. मात्र बाहेरचं कारण सापडल्याशिवाय नुसती मधली फट बघून गट पाडू नका. आठ नोंदींत अशा फटी निव्वळ योगायोगानंही पडतात.

फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये चार आकडेसंच रचून हीच बाब ठसवली. चारही संचांत सरासरी आणि प्रचरण जवळजवळ सारखंच, आलेख मात्र एकमेकांशी अजिबात न जुळणारे: एक साधा विखुरलेला, एक वक्र, आणि दोन एकट्या लांबच्या बिंदूनं बिघडवलेले.

एका बाजूला शेपूट असलेले आकडेही असेच. थांबायचा वेळ, उत्पन्न, फाईलचं आकारमान, दुरुस्तीला लागलेले दिवस हे शून्याखाली जात नाहीत पण वर कितीही जातात. कुणी सांगितलं की सरासरी ३ दिवस आणि प्रमाण विचलन ४ दिवस, तर आलेख न बघताही समजून घ्या की इथे घंटा नाही. नाहीतर बऱ्याच दुरुस्त्या उणे एक दिवसात झाल्या असं म्हणावं लागेल. अशा वेळी मध्यक आणि चतुर्थके (क्रमानं लावलेल्या नोंदींचे चार सारखे भाग पाडणारे आकडे) सांगा, किंवा आकड्यांचे लॉगॅरिदम घेऊन त्यांचं प्रमाण विचलन काढा. शून्याखाली न जाणाऱ्या कुठल्याही आकड्यांत प्रमाण विचलन सरासरीच्या निम्म्याहून जास्त दिसलं की ‘अधिक-उणे दोन’ म्हणण्याआधी थांबा.

प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांची गल्लत

अहवालांत ‘४० ± ८’ किंवा ‘४० ± २.८’ असं लिहिलेलं असतं आणि अधिक-उणेनंतर काय आहे ते सांगितलेलंच नसतं. ८ हे प्रमाण विचलन: एकेक दिवस सरासरीपासून किती हलतो. त्याला नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळानं भागलं की प्रमाण त्रुटी मिळते, ८.०४ ÷ √८ = २.८४: आपण काढलेली सरासरी खऱ्या सरासरीपासून किती हललेली असू शकते. नोंदी वाढवत गेलात तर प्रमाण त्रुटी घटत जाते, चौपट नोंदी केल्या की निम्मी होते. प्रमाण विचलन मात्र घटत नाही, ते रस्त्याच्या खऱ्या स्वभावाभोवती स्थिरावतं. हजार दिवस मोजलं म्हणून दुसरा रस्ता भरवशाचा होत नाही. उद्याचा दिवस कसा जाईल हे विचारणाऱ्याला प्रमाण विचलन द्या, रस्त्याची सरासरी किती नक्की आहे हे विचारणाऱ्याला प्रमाण त्रुटी. आकडा लहान दिसावा म्हणून पहिल्याच्या जागी दुसरी देणं ही दिशाभूल आहे.

हाताशी ठेवायच्या काही रीती

उत्तर ढोबळमानानं बरोबर आहे का हे विस्तारावरून, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान नोंदीतल्या फरकावरून, पडताळता येतं. ‘विस्ताराला ४ नं भागा’ असं सांगितलं जातं, पण ते तीसेक नोंदींनाच जुळतं. पाच नोंदी असतील तर २.३ नं भागा, आठ असतील तर २.८५ नं, दहा असतील तर ३.१ नं, शंभर असतील तर ५ नं. दुसऱ्या रस्त्याचा विस्तार २१, भागिले २.८५ म्हणजे ७.४. आपलं उत्तर ८.०४, म्हणजे हिशोबात मोठी चूक नाही.

वेगवेगळ्या मापाच्या गोष्टींची तुलना करायची असेल तर प्रमाण विचलनाला सरासरीनं भागून टक्केवारी काढा. याला विचलन गुणांक म्हणतात. पहिल्या रस्त्याचा ३.३ टक्के, दुसऱ्याचा २०. हे फक्त ज्या मापात शून्य म्हणजे खरोखर काहीच नाही तिथेच करायचं. सेल्सिअसमधल्या तापमानाला हा गुणांक लावू नका, तिथलं शून्य सोयीसाठी ठरवलेलं आहे.

प्रवासाचे दोन टप्पे असतील, एकाचं प्रमाण विचलन ३ मिनिटं आणि दुसऱ्याचं ४, तर एकूण प्रवासाचं ७ होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या: √(९ + १६) = ५. एका टप्प्याला उशीर झाला की दुसऱ्यालाही होतो असं असेल तर मात्र ते ५ पेक्षा जास्त, वाईटात वाईट ७ पर्यंत जातं.

आणि निष्कर्ष लिहून देताना चार गोष्टी एकत्र द्या: सरासरी, प्रमाण विचलन, नोंदींची संख्या आणि आकाराबद्दल एक ओळ. अंकही बेतानंच. आठ नोंदींवरून ८.०३५६ लिहिण्यात अर्थ नाही, कारण पहिलाच अंक पक्का नाही. दुसऱ्या रस्त्याबद्दल मी असं लिहीन: ‘सरासरी ४० मिनिटं, प्रमाण विचलन सुमारे ८ मिनिटं, नोंदी ८, किमान ३१, कमाल ५२, नोंदी दोन गटांत असाव्यात असा संशय, कारण तपासायचं आहे.’